दत्तकपणाचे घर : मराठी ख्रिस्ती साहित्यातील भक्ताची जागा

पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या आठव्या अध्यायात, प्रचलित मराठी बायबलमध्ये, ‘दत्तकपणा’ असा एक शब्द येतो. ख्रिस्ती उपासनेत तो इतक्या वेळा वाचला जातो की बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्याच्यावरून सहज पुढे सरकतात. मी स्वतः कितीतरी वर्षे तसाच पुढे गेलो. मग एकदा साताऱ्याच्या राज्याचा इतिहास वाचताना हाच शब्द वेगळ्याच संदर्भात भेटला आणि अडखळायला झाले. 1848 साली छत्रपती शहाजी उर्फ अप्पासाहेब वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक कंपनी सरकारने मान्य केला नाही आणि राज्य खालसा झाले. पुढे झाशीचेही तेच झाले. मराठी माणसाच्या कानात ‘दत्तक’ या शब्दाला राज्याचा आणि वारशाचा असा दुहेरी नाद आहे. पौलाच्या मनातही नेमके हेच दोन्ही होते. दत्तक गेलेला वारस होतो, आणि वारसा राज्याचा असतो.

देवाच्या आध्यात्मिक राज्यात ख्रिस्ती माणसाची जागा कोणती, हा प्रश्न धर्मशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत बऱ्याचदा व्याख्यांनी मिटवला जातो. नव्या करारात मात्र त्याला एकच उत्तर नाही. शिष्य हा दास आहे, तसाच तो मित्रही आहे. योहानाच्या शुभवर्तमानात येशू शिष्यांना दास म्हणण्याचे सोडून मित्र म्हणू लागतो. इफिसकरांच्या पत्रात परके लोक सहनागरिक होतात आणि त्याच दमात घरचेही होतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात सगळा समाजच राजकीय याजकवर्ग ठरतो. येशूच्या तोंडी मात्र सर्वांत ठसठशीत प्रतिमा लहान मुलाची आहे. भाषांतर करताना सगळे शब्द आणावेच लागतात. पण वाङ्मय निवड करते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाने यांतून काय उचलले आणि काय बाजूला ठेवले, हे पाहिले तर या समाजाच्या तीनचारशे वर्षांच्या वाटचालीबद्दल बरेच काही हाती लागते.

आधी ‘राज्य’ या शब्दाविषयी. येशू बोलत होता त्या अरामी भाषेतला ‘मल्कुथा’ आणि शुभवर्तमानांच्या ग्रीकमधला ‘बासिलेया’ या दोन्ही शब्दांचा रोख मुलखापेक्षा सत्तेकडे अधिक आहे. राजाचे राजेपण चालू असणे, असा त्यांचा अर्थ. मराठीतल्या ‘राज्य’ शब्दात दोन्ही छटा आहेत, पण सर्वसामान्य वाचकाला आधी सीमा आणि मुलूखच दिसतो. त्यामुळे देवाच्या राज्यात ‘प्रवेश’ म्हटले की वेस, चौकी, परवाना अशी चित्रे उभी राहतात. मत्तयाच्या शुभवर्तमानातील ‘स्वर्गाचे राज्य’ या शब्दप्रयोगाने तर त्या चित्रात आणखी भर घातली. राज्य म्हणजे मेल्यावर जाण्याचे ठिकाण, हा समज आजही पुष्कळ प्रवचनांतून ऐकू येतो. लूकच्या सतराव्या अध्यायातले, राज्य तुमच्यात की तुमच्यामध्ये, हे जुने भांडण मराठीत फारसे रंगलेच नाही.

या वाङ्मयाचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्सच्या ख्रिस्तपुराणापासून धरण्याची रीत आहे आणि ती योग्यच आहे. हा इंग्रज येशूसंघी 1579 साली गोव्यात आला, आयुष्याचा मोठा भाग साष्टीत राहिला, आणि 1616 साली रायतूर येथे त्याचे पुराण रोमन लिपीत छापून निघाले. सुमारे अकरा हजार ओव्या. देवनागरीत ते सर्वांच्या हाती आले ते 1956 मध्ये, शांताराम बंडेलू यांच्या आवृत्तीमुळे. स्टीफन्सने स्वर्गासाठी ‘वैकुंठ’ हा शब्द घेतला, याचे कौतुक आपण नेहमी करतो. ते करताना साष्टीत त्या काळी काय चालले होते हे विसरून चालणार नाही. 1567 मध्ये तेथली देवळे पाडली गेली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीला पाच येशूसंघी मारले गेले. ज्यांच्यासाठी हे पुराण लिहिले, त्यांच्या घरातली जुनी पुराणे नुकतीच काढून घेतली गेली होती. त्यांच्यापुढे देवाचे राज्य आणि पोर्तुगालच्या राजाचे राज्य एकाच वेळी, जवळजवळ एकाच गलबतातून उतरले.

म्हणून ख्रिस्तपुराणातल्या भक्ताची जागा मला प्रजेची वाटते. आरंभीच्या भागातच देवदूतांच्या बंडाची कथा येते. म्हणजे राज्याची ओळख आज्ञापालन आणि द्रोह या जोडीतून होते. कवीचे हृदय मात्र त्या चौकटीत मावत नाही. मराठी भाषेचे कौतुक करताना आणि मरियेचे दुःख सांगताना तो ओवीच्या मूळ स्वभावाला शरण जातो. ओवी ही जात्यावरची आणि ज्ञानेश्वरांची, ती राजदरबारी भाषा बोलायला सहजी तयार होत नाही. स्टीफन्सच्या पुराणात प्रजा आणि लेकरू यांची ओढाताण आहे, आणि ती सुटत नाही म्हणूनच ते पुराण वाचनीय आहे असे माझे मत आहे. त्याला नुसते ‘समन्वयाचे काव्य’ म्हणणे हा आळस आहे.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. 1811 साली श्रीरामपूरहून विल्यम केरीचा मराठी नवा करार निघाला. 1813 पासून अमेरिकन मराठी मिशन मुंबईत होते, आणि 1842 मध्ये ‘ज्ञानोदय’ सुरू झाला. आता ख्रिस्ती होणारा माणूस एकटा होता. गाव किंवा कुळ त्याच्याबरोबर येत नव्हते, निदान सवर्णांच्या बाबतीत नव्हते. बाप्तिस्मा घेतला की घरी घटस्फोटाचा विधी व्हायचा, जिवंत माणसाच्या नावाने घागर फुटायची. वारसा जायचा. 1850 च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलणाऱ्याचा मालमत्तेवरचा हक्क कागदोपत्री राखला खरा, पण कायद्याने घराचा उंबरठा परत मिळत नसतो. 1843 मध्ये श्रीपाद शेषाद्री या मुलाला कोर्टाने घरच्यांच्या हवाली केल्यावर त्याला जातीत परत घ्यावे की नाही यावरून मुंबईत केवढे वादळ उठले, आणि बाळशास्त्री जांभेकरांना त्यात किती सोसावे लागले, हे प्रसिद्ध आहे. जातीतून गेलेला माणूस परत येण्याचा रस्ताही असा बंद होता.

या पार्श्वभूमीवर ‘दत्तकपणा’ हा शब्द पुन्हा वाचून पाहावा. हिंदू धर्मशास्त्रात दत्तक गेलेला मुलगा जनक पित्याचे गोत्र सोडतो, नव्या पित्याचे गोत्र घेतो, औरस पुत्राचे हक्क त्याच्याकडे येतात. पौल ज्या रोमन कायद्याच्या जगात वावरत होता तेथेही दत्तकाचे जुने नाते तुटून नवे पूर्णपणे लागू होत असे. म्हणजे ज्या भाषांतरकाराने हा शब्द निवडला त्याने मूळ अर्थाच्या फार जवळचा शब्द गाठला. पण एक मोठा फरक उरतोच. आपल्याकडे दत्तक सजातीयच हवा असे शास्त्र होते, आणि परंपरेने दत्तक घ्यायचा तो पुत्रच. पौलाच्या वाक्यात या दोन्ही अटी नाहीत. महार, मांग, ब्राह्मण, बाई, बाप्या, सगळे एकाच घरात दत्तक जातात आणि सगळ्यांना सारखाच वाटा मिळतो. इथे नुसती धर्मशास्त्रीय कल्पना उरत नाही. नगर जिल्ह्यातल्या चर्चमध्ये प्रभुभोजनाचा प्याला कुणाच्या ओठांनंतर कुणी घ्यायचा, हा प्रश्न तिथून सुरू होतो.

आणि इथेच मराठी ख्रिस्ती वाङ्मय कचरले, असे मला वाटते. ‘सहनागरिक’, ‘सहवारस’ हे शब्द बायबलात राहिले, गीतांत फारसे उतरले नाहीत. गीतांत उतरले ते दास आणि लेकरू. रेव्हरंड नारायण शेषाद्री यांनी जालन्याजवळ बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत उभारली, तिच्यात दलित समाजातून आलेले लोक मोठ्या प्रमाणात होते. देवाच्या राज्याचे एक दृश्य रूपच होते ते. पण त्या वसाहतीतून तिथल्या माणसांचे स्वतःचे लेखन जवळजवळ आपल्यापर्यंत आलेले नाही. बोलणारे बहुतेक ब्राह्मणवर्गातून आलेले होते. त्यांनी गमावले होते घर. म्हणून त्यांच्या कवितेत राज्य म्हणजे घर झाले. ज्यांना मुळात वेशीबाहेर ठेवले होते, त्यांना राज्यात कदाचित आधी वेस ओलांडायची असावी, आणि मग पाणवठा. त्यांची कविता लिहिली गेली असती तर प्रतिमा वेगळ्या असत्या, असा तर्क करण्यापलीकडे आज काही करता येत नाही.

नारायण वामन टिळक या सगळ्यातून बाहेर उठून दिसतात. जन्म 1861, करजगाव. बाप्तिस्मा 10 फेब्रुवारी 1895, मुंबईत. आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि ते दोन वर्षांत ख्रिस्ती होतील असे भाकीत केले, ही कथा सगळ्यांना पाठ आहे. तिच्यापेक्षा मला त्यांचे दुसरे एक सांगणे अधिक महत्त्वाचे वाटते. आपण ख्रिस्ताकडे तुकारामाच्या पुलावरून आलो, असे ते मानत. पुलाची ही प्रतिमा समीक्षक बहुधा शैलीच्या अंगाने वाचतात : अभंग, टाळ, कीर्तन, भगवा वेष. तो अर्थ आहेच. पण पूल ओलांडणारा माणूस बरोबर सामानही आणतो. वारकरी परंपरेत देव आणि भक्त यांचे नाते राजा आणि प्रजा असे क्वचितच आहे. विठ्ठल माउली आहे. जनाबाईच्या एका अभंगात तो संतांना अंगाखांद्यावर घेऊन निघतो. टिळकांनी ख्रिस्ताला ‘गुरुमाउली’ म्हटले तेव्हा हे सामान पुलापलीकडे पोचले. देवाच्या राज्यात भक्ताची जागा मांडीवर आहे, असे उत्तर त्यांनी दिले.

उत्तर सुंदर आहे आणि त्याला बायबलातही आधार आहे. पण त्याची किंमतही मोजावी. आईच्या मांडीवर बसलेले मूल अन्यायाची तक्रार करत नाही, रडते. वारशाचा हक्क मागत नाही, भूक लागली म्हणते. ‘अभंगांजली’ वाचताना भक्तीची उत्कटता जितकी जाणवते तितकी राज्याच्या न्यायाची, उतरंड उलटवण्याची भाषा जाणवत नाही. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात दिवसभर राबलेल्याला आणि शेवटच्या तासाला आलेल्याला सारखीच मजुरी मिळते. त्या दाखल्यातला बाजारात ताटकळलेला मजूर, कुणी कामावरच घेतले नाही असे सांगणारा, हा आपल्या दुष्काळी नगर-सोलापुरात घराघरात होता. त्याच्यावर गीते फार थोडी.

टिळकांना ही उणीव जाणवली असावी असे त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांवरून वाटते. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त जीवन पत्करले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एका बंधुत्वात यावेत, ही त्यातली कल्पना. तिने चर्चमध्ये खळबळ उडाली, आणि उडायलाच हवी होती. देवाच्या राज्याचे दार बाप्तिस्मा आहे की नाही, हा प्रश्न त्यांनी थेट विचारला होता. ‘नाही’ म्हटले तर मंडळी कशासाठी? ‘होय’ म्हटले तर बाप्तिस्म्याच्या पलीकडे उभे राहून येशूवर प्रेम करणाऱ्यांना, आणि अशी माणसे महाराष्ट्रात तेव्हाही कमी नव्हती, कोणती जागा द्यायची?

नावाकडेही लक्ष द्यावे. ‘आश्रम’ म्हणता आले असते, ‘मंडळ’ म्हणता आले असते. टिळकांनी ‘दरबार’ घेतला. 1911 मध्ये दिल्लीत पंचम जॉर्जचा दरबार भरला होता, कोणता संस्थानिक कुठल्या ओळीत बसला आणि कुणाचा मुजरा कसा झाला याची चर्चा अजून लोकांच्या तोंडी असणार. 1916 मध्ये लोकमान्यांनी होमरूल लीग काढली होती. आणि सातारा तर छत्रपतींची गादी, जिचा दत्तक नाकारला गेला होता. या सगळ्याचा विचार टिळकांनी मुद्दाम केला होता असा पुरावा मी देऊ शकत नाही. पण ते देशभक्तीची कविता लिहिणारे कवी होते, शब्द तोलून मापून घेणारे होते, आणि साताऱ्यात बसून ‘दरबार’ हा शब्द बेसावधपणे निवडण्याइतके भोळे नव्हते. ज्या दरबारात आसनांची उतरंड नाही, जिथे नजराणा लागत नाही, आणि जिथला राजा सेवकासारखा पाय धुतो, असा दरबार. माउलीच्या मांडीवरून ते पुन्हा राजाच्या सभेत आले, पण आता भक्ताची जागा बदललेली होती.

9 मे 1919 रोजी टिळक वारले आणि दरबार मागे फारसा टिकला नाही. तो एका माणसाच्या श्वासावर उभा होता. या अपयशाचे खापर मिशनवर फोडण्याची सोय आहे, आणि मिशनच्या पगारावर जगणाऱ्या मराठी ख्रिस्ती समाजाची कुचंबणा खोटी नव्हती. तरीही मला वाटते की दरबाराला स्वतःची अशी रोजची रीत सापडली नाही. राज्य रोजच्या व्यवहारात कसे दिसेल, कोण कुणाच्या ताटात जेवेल, पैसा कसा वाटला जाईल, हे ठरण्याआधीच कवी गेला.

याच्या नेमके उलट टोक पंडिता रमाबाईंचे. 1883 मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर सिस्टर जेराल्डिनशी त्यांचा जो पत्रव्यवहार झाला तो वाचला की कळते, या बाईंना कुठल्याही पंथाच्या रकान्यात बसायचे नव्हते. मनुष्याच्या अधिकारापुढे त्या झुकायला तयार नव्हत्या, देवाच्या वचनापुढे होत्या. प्रजेची जागा त्यांनी पत्करली, पण राजा एकच ठेवला. आयुष्याची शेवटची वर्षे त्यांनी केडगावला बायबलच्या भाषांतरात घालवली. त्यासाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. पुराणांचा वास येणारे शब्द टाळायचे, खेड्यातल्या बाईला कळेल असे लिहायचे, हा त्यांचा आग्रह होता. स्टीफन्सच्या वैकुंठाला हे तीनशे वर्षांनी दिलेले उत्तरच म्हणायचे. 1922 मध्ये त्या वारल्या, संपूर्ण बायबल 1924 मध्ये निघाले. भाषांतर रुक्ष आहे, हा आक्षेप खरा आहे. पण खिळे जुळवणाऱ्या हातांकडे पाहिले तर चित्र बदलते. मुक्तिसदनातल्या, कुणी विधवा, कुणी दुष्काळात उचलून आणलेल्या, अशा बायकांनी ते छापखान्यात जुळवले. घरातून टाकलेल्या बायका देवाचे राज्य अक्षर-अक्षर करून लावत होत्या. समीक्षकाने भाषांतराची रुक्षता नोंदवावी, पण ही गोष्टही त्याच पानावर नोंदवावी.

शेवटी लक्ष्मीबाई. त्यांना धर्मशास्त्रज्ञ कुणी म्हणत नाही. पण आपल्या प्रश्नाचे सर्वांत स्पष्ट उत्तर ‘स्मृतिचित्रे’त आहे. नवऱ्याने 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, यांनी 1900 मध्ये. मधली वर्षे सोवळे, वेगळी चूल, वेगळे पाणी. मग जातिभेद देवाने केला की माणसाने, असा प्रश्न त्यांच्या मनाने घेतला, आणि माणसाने, हे उत्तर पटल्यावर त्यांनी कुणाच्याही हातचे खायचे-प्यायचे ठरवले. बाप्तिस्मा नंतर झाला. या क्रमात मोठी गोष्ट आहे. त्या राज्यात गेल्या त्या पाण्याच्या बाजूने. सिद्धांताचे दार त्यांना नंतर लागले. टिळकांचा दरबार ज्या प्रश्नावर अडला, बाप्तिस्मा आधी की शिष्यत्व आधी, तो लक्ष्मीबाईंनी कुठलाही जाहीरनामा न काढता स्वयंपाकघरात सोडवला होता. शिवाय त्या हे सगळे हसत सांगतात. आपले सोवळे, आपली फजिती, नवऱ्याचा विक्षिप्तपणा, कशालाच त्या सोडत नाहीत. मराठी ख्रिस्ती वाङ्मयात इतरत्र विनोद इतका दुर्मीळ आहे की हे मुद्दाम सांगावेसे वाटते.

टिळकांच्या घरात पोटच्या मुलाबरोबर अनाथ मुले वाढली, वेगवेगळ्या जातींची. त्यांचा दत्तविधी कुठल्या शास्त्रात बसला नसता. रोमकरांच्या पत्रातला तो शब्द नगरच्या त्या घरात गोंगाट करत, भांडत, एका पंगतीत जेवत होता. आणि टिळकांच्या मागे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हातात घेतले ते याच बाईंनी. जिला शाळा ठाऊक नव्हती तिने नवऱ्याच्या महाकाव्याचे बहुतेक अध्याय रचले. 1936 मध्ये त्या गेल्या. 1938 मध्ये ‘ख्रिस्तायन’ प्रसिद्ध झाले. त्यात टिळकांचे अध्याय कुठे संपतात आणि लक्ष्मीबाईंचे कुठे सुरू होतात ते शैलीवरून ओळखता येते. नवऱ्याची ओवी संस्कृताच्या अंगाने चालते, बायकोची घरातून उठून येते.